वेशीवर थांबणे हीसुद्धा सेवा : १९१८ च्या मानमोडीच्या साथीतून एक अभ्यास

वाचन : लूक ७:१–१०, लूक १७:११–१९, लूक १०:२५–३७





या तिमाहीच्या अभ्यासाची सुरुवात मी माझ्या स्वतःच्या एका चुकीने करणार आहे. ही गोष्ट मी आजवर आमच्या कार्यकर्त्यांच्या प्रार्थनासभेतच सांगितली होती. पण ज्यांच्या दानावर हे काम चालते त्या आपणांसही ती कळावी असे मला वाटते.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी सुरू होती. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या पाड्यांवरची पुष्कळ माणसे गुजरातेत ऊसतोडीला आणि मजुरीला गेलेली होती. ती मिळेल त्या मार्गाने, बरीचशी पायी, परत येत होती. घरात धान्य नव्हते. आपल्यासारख्या हितचिंतकांनी तातडीने मदत पाठवली आणि आम्ही सरकारी परवाना काढून ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल, मीठ आणि साबण घेऊन गाडीने निघालो. ज्या पाड्यावर मी अनेक वर्षे जात-येत आहे, तेथे पोहोचलो तेव्हा वाटेवर सागाचे ओंडके आडवे टाकलेले होते आणि त्यावर बोरीच्या काट्या रचल्या होत्या. पलीकडे चारपाच तरुण उभे होते. त्यांतला एक आमच्या अभ्यासिकेत शिकलेला मुलगा. तो म्हणाला, “ताई, गाडी तिथेच थांबवा. आत यायचं नाही.”

मला राग आला. या मुलाला मी अक्षरे शिकवली, याच्या आईच्या बाळंतपणात रात्रभर बसले, आणि हा मला अडवतो! मी आवाज चढवून बोलले. तेवढ्यात पाड्यावरच्या एक आजी काठी टेकत आल्या. त्या काट्यांच्या अलीकडे आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “पोरी, पोती त्या मोहाच्या झाडाखाली ठेव आणि जा. आम्ही मागून उचलू. दुखणं अंगावर असलं तरी माणसाला कळत नाही.” त्यांच्या सासूने त्यांना सांगितले होते की पूर्वी मोठी साथ आली की पाड्यावरची माणसे घरे सोडून रानात वेगवेगळ्या झोपड्या बांधून राहत आणि साथ सरेपर्यंत कोणी कोणाच्या दारात जात नसे.

आम्ही पोती ठेवली आणि परतलो. वाटेत मी गप्प होते. मनातून दुखावले होते, आणि खरे सांगायचे तर वाटपाचा एकही फोटो मिळाला नाही याचेही मला वाईट वाटत होते. तिसऱ्या दिवशी आमच्या चालकदादांना ताप भरला. तपासणीत कोरोना निघाला. सुदैवाने ते बरे झाले. पण त्या दिवशी आम्ही पाड्यात शिरलो असतो, घरोघरी गेलो असतो, आजींच्या खाटेवर बसून चहा घेतला असता, तर काय झाले असते हा विचार मला कित्येक रात्री झोपू देत नव्हता.

त्यानंतर मी शंभर वर्षांपूर्वीच्या महासाथीविषयी मिळेल ते वाचले. त्यातून मला जे शिकायला मिळाले ते या अभ्यासात मांडत आहे.

१. काय घडले होते?

१९१८ आणि १९१९ या दोन वर्षांत इन्फ्लुएंझाची, म्हणजे फ्लूची, एक साथ जवळजवळ सर्व जगावर पसरली. महाराष्ट्रातील जुन्या माणसांनी तिला ‘मानमोडी’ असे नाव दिले होते. आपल्यापैकी कोणाच्या आजीपणजीच्या तोंडून ‘मानमोडीच्या वर्षी’ असे शब्द ऐकले असतील, तर ते याच साथीविषयीचे.

जगात तिला ‘स्पॅनिश फ्लू’ म्हणत, पण ती स्पेनमध्ये सुरू झाली म्हणून नव्हे. त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते. लढणाऱ्या देशांत वृत्तपत्रांवर बंधने होती, त्यामुळे तेथे साथीच्या बातम्या दडपल्या जात. स्पेन युद्धात नव्हता. तेथील वृत्तपत्रांनी राजा तेरावा आल्फोन्सो आजारी पडल्याच्या बातमीसह सर्व काही छापले, आणि खरे बोलणाऱ्याच्या माथी रोगाचे नाव बसले. मार्च १९१८ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या कॅम्प फन्स्टन या लष्करी छावणीत या साथीचे मोठ्या संख्येने रुग्ण नोंदले गेले होते. सैनिकांबरोबर, आगगाड्यांतून आणि जहाजांतून ती जगभर गेली.

साथ तीन लाटांत आली. १९१८ च्या पूर्वार्धातील पहिली लाट सौम्य होती. शरद ऋतूतली दुसरी अतिशय घातक होती. तिसरी १९१९ च्या सुरुवातीस आली. जगातील साधारण एक तृतीयांश माणसांना, म्हणजे सुमारे ५० कोटी लोकांना, हा आजार झाला असा अंदाज आहे. मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे ५ कोटींच्या आसपास सांगितला जातो. काही अभ्यासक तो याहून बराच कमी तर काही जास्त मानतात. एरवीचा फ्लू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना नेतो. या साथीने २० ते ४० वर्षांची, कमावती, धडधाकट माणसे मोठ्या प्रमाणात नेली. त्यामुळे मागे अनाथ मुले आणि आधार गेलेले वृद्ध उरले.

त्या काळी डॉक्टरांना या रोगाचे कारणही ठाऊक नव्हते. माणसातील फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये लंडन येथे प्रथम वेगळा करण्यात आला. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, आणि ते रुग्णांपर्यंत पोहोचले १९४० नंतर. फ्लूनंतर फुप्फुसात जंतूंचा संसर्ग होऊन न्यूमोनिया होई आणि बहुतेक मृत्यू त्यामुळे होत. त्याला त्या वेळी औषध नव्हते. विश्रांती, पाणी, पातळ पेज, ऊब आणि मोकळी हवा एवढेच देता येत होते. आणि तेवढे देणारे माणूस जवळ असेल तर पुष्कळ रोगी वाचत.

२. आपल्या देशात

भारतात ही साथ मुंबईच्या बंदरातून आली. १० जून १९१८ रोजी गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. पहिली लाट ओसरली, पण सप्टेंबरमध्ये दुसरी आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेच्या मार्गांनी साथ देशाच्या आतल्या भागात पोहोचली. त्या वर्षी पाऊसही पुरेसा झाला नव्हता. पिके बुडाली होती, धान्य महागले होते, आणि बरेच डॉक्टर युद्धावर गेले होते. भारतात या साथीने दगावलेल्यांचा अंदाज साधारण १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख असा केला जातो. इतके मृत्यू दुसऱ्या कोणत्याही देशात झाले नाहीत. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या जेमतेम सव्वा टक्क्याने वाढली, आणि त्यामागे ही साथ हे फार मोठे कारण होते.

मुंबई शहरातील मृत्यूंची समाजवार नोंद सरकारी कागदपत्रांत आहे. दर हजारी मृत्यूचे प्रमाण असे होते : युरोपियन ८.३, पारशी ९.०, भारतीय ख्रिस्ती १८.४, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२. आणि ज्यांना त्या नोंदीत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे, त्यांच्यात ६१.६.

शहर एक, रोगही तोच, आणि हवा सर्वांना सारखी. तरी गरिबाच्या वस्तीत मृत्यू सातपटीने अधिक. हे लोक दाटीच्या खोल्यांत राहत होते, अर्धपोटी कामाला जात होते, आणि आजारी पडल्यावर घरी बसणे त्यांना परवडत नव्हते. ‘रोग जातपात पाहत नाही’ असे आपण म्हणतो. लागण होण्यापुरते ते खरे असेल. पण कोण वाचेल हे पुष्कळदा साथ येण्याआधीच, कोणाच्या ताटात काय पडत होते यावरून ठरलेले असते.

खेड्यापाड्यांतही हेच दिसले. ब्रिटिश अमलाखालील प्रांतांत मध्य प्रांत व वऱ्हाड येथे मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त होते. गोंड, कोरकू आणि इतर आदिवासी समाजांची मोठी वस्ती असलेला हा प्रदेश. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी पश्चिम भारतातील आदिवासी आणि १९१८ ची साथ या विषयाचा स्वतंत्र अभ्यास केला आहे. सरकारी दवाखान्यांपासून दूर, कर्जात आणि उपासमारीत असलेल्या या समाजांना साथीचा मोठा तडाखा बसला. आणि देशभर पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. घरातल्या आजाऱ्यांजवळ बसणारी तीच आणि सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणारीही तीच, हे त्याचे एक कारण मानले जाते.

सरकारची यंत्रणा अपुरी पडली तेव्हा सामान्य माणसे पुढे आली हेही आपण विसरू नये. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मदतकार्य केले. सुरत जिल्ह्यात कल्याणजी आणि कुंवरजी मेहता या बंधूंनी तरुण स्वयंसेवकांना घेऊन औषधे पोहोचवली. हे सारे आपल्या मंडळीबाहेरचे लोक होते. शेजाऱ्याची व्याख्या विचारणाऱ्या शास्त्र्याला प्रभूने शोमरोनी माणसाची गोष्ट का सांगितली, ते अशा वेळी कळते.

३. मिशनचे जहाज

आता मी आपणांस मुंबईपासून फार दूर, कॅनडाच्या ईशान्य टोकाकडील लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर नेते. या साथीच्या इतिहासातील हा भाग मिशनकार्य करणाऱ्या प्रत्येकाने वाचला पाहिजे.

या बर्फाळ किनाऱ्यावर इन्युइट आदिवासी राहतात. १७७१ पासून मोराव्हियन मिशनरी त्यांच्यात काम करत होते. त्यांनी त्यांची भाषा शिकली, शाळा व दवाखाने काढले, मंडळ्या उभ्या केल्या. दरवर्षी मिशनचे एक जहाज धान्य, औषधे, पत्रे आणि पाहुणे घेऊन येई. जहाजाचे नाव ‘हार्मनी’, म्हणजे सुसंवाद. वर्षभर सगळी वस्ती त्या जहाजाची वाट पाही. ते आले की लोक किनाऱ्यावर धावत, माल उतरवायला मदत करत.

१९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘हार्मनी’ हेब्रन आणि ओकाक या वस्त्यांना आले. त्या खेपेस धान्याबरोबर फ्लूही उतरला. काही दिवसांतच घरेच्या घरे आजारी पडली. ओकाक येथे सुमारे २६० लोक राहत होते. त्यांपैकी २०० हून अधिक मेले. प्रौढ पुरुष तर एकही उरला नाही. हेब्रन वस्तीत त्या वेळी असलेल्या सुमारे १०० जणांपैकी ८६ गेले. शेकोटी पेटवायला, पाणी द्यायला, प्रेते पुरायला माणसे राहिली नाहीत. आठ वर्षांची एक मुलगी आपल्या घरात मृत माणसांच्या सोबतीने कित्येक आठवडे एकटी जिवंत राहिली. पुढच्या वर्षी ओकाकमधील उरलेल्या बायका आणि मुले दुसऱ्या वस्त्यांवर गेली, घरे जाळून टाकली गेली, आणि सुमारे दीडशे वर्षांची ती मिशनवस्ती कायमची संपली.

हे वाचताना मला आमची गाडी आठवली. त्या जहाजावरील कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. जहाज मदतच घेऊन आले होते. ज्यांनी ते पाठवले त्यांनी त्यासाठी प्रार्थनाही केली असणार. पण हेतू शुद्ध होता म्हणून त्या लोकांचे रक्षण झाले नाही.

अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या लहानशा वस्तीतही असेच घडले. १५ ते २० नोव्हेंबर १९१८ या पाच दिवसांत तेथील ८० प्रौढांपैकी ७२ जण मेले. त्यांना एकाच मोठ्या खड्ड्यात पुरून वर क्रूस लावण्यात आले. या गोष्टीला एक पुढचा भाग आहे. १९५१ मध्ये योहान हुल्टिन नावाचा तरुण संशोधक तेथे आला. गोठलेल्या जमिनीत विषाणूचा माग सापडेल अशी त्याला आशा होती. त्याने आधी गावातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी मागितली, आणि मगच कबर उघडली. त्या वेळी यश आले नाही. १९९७ मध्ये, वयाच्या सत्तरीत, तो पुन्हा गेला, आणि पुन्हा आधी परवानगी मागितली. या वेळी एका स्त्रीच्या फुप्फुसातील नमुना उपयोगी पडला. जेफ्री टॉबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ पर्यंत त्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना उलगडली. परत येण्यापूर्वी हुल्टिनने कबरीवरचे कुजून गेलेले क्रूस पाहून आपल्या हाताने नवे लाकडी क्रूस करून तेथे उभे केले. आज जगाला त्या विषाणूविषयी जे ज्ञान आहे, त्यात एका छोट्या आदिवासी गावाने दिलेल्या परवानगीचा मोठा वाटा आहे.

४. दोन शेजारी बेटे

पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांचे त्या वेळी दोन भाग होते. पश्चिम सामोआवर न्यूझीलंडचा ताबा होता, पूर्वेकडील भागावर अमेरिकेचा. दोन्हीकडचे लोक एकाच वंशाचे, भाषा एकच, नातीगोतीही एकच, आणि दोन्हीकडे बहुतेक सर्व ख्रिस्ती.

७ नोव्हेंबर १९१८ रोजी ‘टॅल्यून’ नावाचे जहाज ऑकलंडहून पश्चिम सामोआतील आपिया बंदरात आले. जहाजावर आजारी माणसे होती, तरी उतारूंना उतरू दिले गेले. पुढच्या काही आठवड्यांत तेथील सुमारे ८,५०० माणसे मेली, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक. पूर्वेकडे गव्हर्नर जॉन पॉयर यांनी बाहेरून येणाऱ्यांवर कडक विलगीकरण लादले, आणि गावकऱ्यांनी स्वतः किनाऱ्यावर पहारे बसवले. आपल्याच नातेवाइकांच्या होड्या परत पाठवणे त्यांना किती जड गेले असेल! पण तेथे या साथीने एकही मृत्यू झाला नाही. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपिया येथे येऊन सामोआच्या लोकांची क्षमा मागितली. चूक मान्य व्हायला ८४ वर्षे लागली.

सामोआच्या किनाऱ्यावरचे पहारेकरी आणि सातपुड्यातील काट्यांचे कुंपण यांत मला आता फरक दिसत नाही. त्या तरुणांना मी कृतघ्न समजले होते. ते आपल्या म्हाताऱ्यांचे आणि लेकरांचे रक्षण करत होते.

५. शास्त्र काय शिकवते?

धर्मशास्त्राची पदविका घेत असताना आम्हाला शिकवले होते की प्रीती जवळ जाते. याजक आणि लेवी दुसऱ्या बाजूने निघून गेले, शोमरोनी जवळ गेला. ते खरेच आहे. पण या इतिहासाने मला लूकच्या शुभवर्तमानातील आणखी दोन प्रसंग नव्याने वाचायला लावले.

पहिला, कफर्णहूमच्या शताधिपतीचा. त्याचा दास मरणाला टेकला होता. प्रभू त्याच्या घराकडे निघाला. घर फार दूर राहिले नसताना शताधिपतीने मित्रांकरवी निरोप पाठवला की प्रभूने आपल्या छपराखाली येण्याची तसदी घेऊ नये, नुसता शब्द बोलावा. या भागावर आपण नेहमी शताधिपतीच्या विश्वासाविषयी उपदेश ऐकतो. मी या वेळी प्रभूकडे पाहिले. त्याला वाटेत थांबवले गेले, आणि तो रागावला नाही. ‘मी इतका चालत आलो’ असे म्हणाला नाही. तो तेथेच थांबला, थांबवणाऱ्याचे त्याने कौतुक केले, आणि दास बरा झाला. लूकच्या वृत्तांतात प्रभूने त्या घराचा उंबरठा ओलांडल्याचे कोठेही लिहिलेले नाही.

दुसरा, दहा कुष्ठरोग्यांचा. ते दूर उभे राहिले, आणि तेथूनच त्यांनी हाक मारली. प्रभूने ते अंतर तसेच राहू दिले आणि त्यांना याजकांकडे पाठवले. दुसऱ्या एका कुष्ठरोग्याला त्याने हात लावून बरे केले होते, हेही आपण जाणतो. म्हणजे कधी स्पर्श करायचा आणि कधी दूर राहायचे, हे समोरच्या माणसाच्या हिताने ठरते.

याजक आणि लेवी दूर राहिले ते स्वतःला जपण्यासाठी. मोहाच्या झाडाखाली पोती ठेवून परतणे हे दुसऱ्याला जपण्यासाठी. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, पण आपण कोणासाठी दूर राहतो हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावा. आणि दूर राहणे म्हणजे सोडून देणे नव्हे. शोमरोनी माणसाने जखमीला उतारशाळेत ठेवले, रखवालदाराला पैसे दिले, पुढच्या खर्चाची हमी दिली आणि तो आपल्या वाटेने गेला. शुश्रूषा पुढे त्या रखवालदाराने केली. सेवेचा तोही एक मार्ग आहे.

६. आपल्या कामात काय बदलले?

आम्ही कार्यकर्त्यांनी बसून काही गोष्टी ठरवल्या आणि त्या आजपर्यंत पाळत आहोत.

पहिली, आधी विचारावे, मग जावे. पाड्यावर जाण्यापूर्वी तेथील जाणत्या माणसांना फोन करतो. त्यांनी ‘आज नको’ म्हटले तर कारण विचारत बसत नाही.

दुसरी, खोकला, ताप, गोवर, कांजिण्या असे काहीही घरात असेल तर त्या कार्यकर्त्याने पाड्यावर जायचे नाही. शहरातील मंडळ्यांतून भेटीला येणाऱ्या गटांनाही हेच सांगतो. ज्या बाळाचे वजन आधीच कमी आहे, त्याला आपली साधी सर्दीही भारी पडू शकते.

तिसरी, शुश्रूषा करणारी माणसे पाड्यातच तयार करावीत. आशाताई आणि अंगणवाडीताई यांना विचारून, प्रत्येक पाड्यातील दोन-तीन स्त्रियांना ताप मोजणे, मीठ-साखरेचे पाणी करणे, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि वेळेवर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवणे शिकवतो. ओकाकमध्ये पाणी द्यायला माणूस उरले नाही ते आम्ही विसरलेलो नाही.

चौथी, साथ येण्याआधीचे काम मोठे मानावे. परसबाग, धान्यकोठी, मुलांचे वजन, गरोदर बाईचे जेवण, रेशनकार्ड, लसीकरण. अहवालात हे काम फिके दिसते. पण मुंबईच्या त्या आकड्यांतील ८.३ आणि ६१.६ यांच्यामधले अंतर अशाच कामाने कमी होते.

पाचवी, फोटोसाठी कोणाच्याही दारात जायचे नाही. आपणांपैकी काहींनी त्या वर्षी विचारले होते की वाटपाची छायाचित्रे वार्तापत्रात का नाहीत. उत्तर द्यायला मला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी. छायाचित्र नव्हते, कारण आम्हाला आत येऊ दिले नव्हते. धान्य मात्र सर्व घरांत पोहोचले. त्याचा हिशेब त्या तरुणांनीच, घरवार नावे लिहून, नंतर आमच्याकडे दिला.

टाळेबंदी उठल्यावर कित्येक महिन्यांनी मी पुन्हा त्या पाड्यावर गेले. ओंडके बाजूला केलेले होते. आजींनी मला खाटेवर बसवले, चहा दिला, आणि पहिला प्रश्न विचारला, “तुमचा गाडीवाला बरा आहे ना?” आमच्या चालकदादांच्या आजाराची बातमी त्यांना कोणीतरी फोनवरून सांगितली होती. ज्याला त्यांनी आत येऊ दिले नाही, त्याची त्यांनी आठवण ठेवली होती. मी त्यांची क्षमा मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तू पोती ठेवून गेलीस ना. झालं मग.”

गटचर्चेसाठी प्रश्न

१) लूक ७:१–१० पुन्हा वाचा. आपल्याला कोणी ‘येऊ नका’ म्हटले तर आपल्या मनात पहिली भावना कोणती येते?

२) मुंबईतील १९१८ च्या मृत्यूच्या आकड्यांसारखी तफावत आज आपल्या तालुक्यात कोठे दिसते?

३) ‘हार्मनी’ जहाज पाठवणाऱ्या मंडळींच्या जागी आपण असतो, तर ती बातमी कळल्यावर आपण काय केले असते?

४) आपली मंडळी पाड्यांना भेट देते तेव्हा ती भेट कोणाच्या सोयीने ठरते?

५) दान देताना आपण कोणता पुरावा मागतो, आणि त्याचा भार कोणावर पडतो?

प्रार्थनेचे विषय

पाड्यांवरील आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्यासाठी. हंगामी मजुरीला गेलेल्या कुटुंबांच्या आरोग्यासाठी. कोरोनात आईबाप गमावलेल्या मुलांसाठी. आणि आम्हा कार्यकर्त्यांसाठी, की आम्हाला जाण्याचे धैर्य आणि थांबण्याची नम्रता, दोन्ही मिळावीत.



आपली ख्रिस्तसेवेतील बहीण,
पाड्यांवरील एक कार्यकर्ती